सभासद क्रमांक एक

१९ फेब्रुवारी १९७३, सोमवार. खडकजवळा.

आज पोचलो. पाटोद्यापर्यंत एस.टी. मिळाली, पुढचे दोन कोस पायी. डोक्यावर पत्र्याची पेटी होती, तरी वाटेत दोनदा शीळ घातली. चार महिने उमापूरच्या दुष्काळी कामावर खडी फोडली. आता हातोडी सुटली. हाताचे फोड अजून ओले आहेत, म्हणून अक्षर थोडे वाकडे येते. ते सुधारेल.

ही नोकरी मला अक्षरामुळेच मिळाली. आमचा मुकादम आजारी पडला तेव्हा आठ दिवस कामावरची हजेरी मी लिहिली. ती वैजिनाथअप्पांच्या पाहण्यात आली. ते इथल्या विहीर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी विचारले, शाळा किती झाली? मी खरे सांगितले, नववीतून सुटली. घरी कोण? माय मनकर्णा, ती ऊसतोडीला गेलेली. अजून कोण? कोणी नाही. ते म्हणाले, बास, बाहेरगावचा, बिनलग्नाचा, अक्षर स्वच्छ, असाच माणूस आम्हाला पाहिजे होता.

कचेरी दगडी आहे. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला मोठी विहीर, तिच्यावर लोखंडी रहाट. मला कचेरीशेजारची खोली दिली आहे. तिला आतून कडी आहे. आतून कडी असलेल्या खोलीत मी आजवर झोपलेलो नाही. शिवाय पितळेचा बिल्ला मिळाला, त्यावर 'सेवक' असे कोरले आहे. मी तो राखेने घासून लख्ख केला आणि सदऱ्याला लावला.

चेअरमन मोहनराव संध्याकाळी आले. उंच माणूस, आवाज मऊ. गुळाचा चहा पाजला आणि काम सांगितले. सभांचे इतिवृत्त स्वच्छ लिहायचे, हे एक. दुसरे काम, कासवाला जेवायला लावायचे. मला चेष्टा वाटली. पण कोणी हसत नव्हते.

२० फेब्रुवारी, मंगळवार.

आज सगळे नीट समजून घेतले. विहीर बेचाळीस घरांची. ती खोदताना पहिल्या पाण्याबरोबर हे कासव वर आले, असे सांगतात. म्हणून वीस वर्षांपूर्वी सोसायटी नोंदवताना सभासदांच्या यादीत पहिले नाव त्याचे घातले: कूर्माजी नागनाथ, सभासद क्रमांक एक. अर्जुनराव नावाचे एक सभासद हात चोळत सांगत होते, की नोंदणीच्या साहेबानं डोळे झाकून सही ठोकली, ह्ये कूर्माजी राहत्यात कुठं म्हणून इचारलं सुदिक न्हाई. सगळे हसले. मीही हसलो.

नियम असा, की रोज सकाळी पहिली पाळी क्रमांक एकची. भाकरीचा तुकडा विहिरीत टाकायचा, कासव वर येऊन घास घेते, मग बाकीच्यांच्या घागरी सुटतात. आज चोवीस दिवस झाले, त्याने घास घेतलेला नाही. तेव्हापासून पाणी रोज उतरते आहे. बाकीच्यांना तहान चुकत नाही, म्हणून घरटी दोन घागरींचा तात्पुरता ठराव करून पाणी काढतात, पण प्रत्येक जण काढताना विहिरीला हात जोडतो, चोरी केल्यासारखा. कासवाला वर काढून अंगणातल्या दगडी दोणीत ठेवले आहे.

मी मोजमापापासून सुरुवात केली. बोटाबोटावर गाठी मारून एक सुतळी तयार केली. कासवाची पाठ लांबीला अठरा बोटे. पाठ काळी, कडेने घासून करडी झालेली. डोळे स्वच्छ. मान सुरकुतलेली. माझ्याकडे बराच वेळ बघत होते. सुतळी ताणली जाते का हे कळावे म्हणून तिनेच माझा दंडही मोजून ठेवला: चौदा बोटे. तो काही बदलायचा नाही, म्हणजे सुतळीची परीक्षा होत राहील.

विहिरीत पाणी नऊ हात.

मोहनराव म्हणाले, की पाडव्यापर्यंत कासव जेवले तर मी कायम. आणि मायला गावात आणायचे असेल तर तिला सभासद करून घेऊ. मी त्यांच्या पाया पडलो.

२२ फेब्रुवारी, गुरुवार.

पाटोद्याला जाऊन ढोरांच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी आधी मला हाकललेच. म्हणाले, इथे बैल मरायला लागलेत आणि तू कासव घेऊन आलास. पण मी सगळी लक्षणे कागदावर लिहून नेली होती, ती वाचून ते जरा बसले. सांगितले ते असे: दुपारी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावे, पाणी त्याच्या हनुवटीच्या वर नको. सकाळचे ऊन द्यावे, पण बाजूला सावली पाहिजे, म्हणजे त्याला हवे तेव्हा सरकता येईल. दोणीतले पाणी रोज बदलावे. भाकरी हे त्याचे खाणे नव्हे. घोळाची भाजी, पपई, गांडूळ, बारीक मासळी द्यावी. तोंड जबरीने उघडू नये. एवढे करूनही खाल्ले नाही तर उन्हाळ्याची झोप समजावी, काही कासवे पाणी आटले की मातीत गाडून घेतात आणि महिनोन्‌महिने खात नाहीत.

मी पपई, घोळ, मासळी असे वहीत लिहून घेतले. डॉक्टर म्हणाले, लिहितोस खरा, पण आणणार कुठून?

२५ फेब्रुवारी, रविवार.

सांगितले तसे सगळे करतो आहे. कोमट पाण्यात ते पाय सैल सोडते, मान बाहेर काढते. त्याला बरे वाटते. पण खात नाही. वाळलेली घोळ भिजवून दिली, दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी दिली, रेशनच्या मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची, भाकरी कुस्करून दिली, दगडाखालून चार गांडुळे मिळाली ती दिली. प्रत्येक वेळी ते पदार्थाकडे न बघता माझ्याकडे बघते.

दोणीतले पाणी बदलायला रोज दोन घागरी लागतात. ओतून द्यायच्या पाण्यासाठी एक बाई कुंपणापाशी हंडा घेऊन थांबते. कडूबाई. ओढ्यापलीकडे राहते, सभासद नाही. हंड्याच्या तोंडावर फडके बांधून त्यातून पाणी गाळून घेते. मी म्हटले, हे कासवाचे पाणी आहे. ती म्हणाली, तुमी कावून लाजता दादा, पाणी त्येचं हाय, तहान आमची.

मग तिला माझा बिल्ला दिसला. ती बघतच राहिली. सांगू लागली, की तिच्या मालकांचाही असाच होता. त्रिंबक त्यांचे नाव. सात वर्षांमागच्या दुष्काळात ते इथे सेवक म्हणून आले, तीही बरोबर आली. एक दिवस ते कारखान्याकडं गेले असे लोक म्हणतात. मला न सांगता गेलते, म्हणाली, पायातल्या वहाणा बी घराच्या दारातच व्हत्या. ती अजून कुंकू लावते.

पाणी आठ हात.

२८ फेब्रुवारी, बुधवार.

काही नाही. पाणी सात हात. सकाळी पाळीला उभे राहणारे लोक आता विहिरीकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. अर्जुनराव रोज मोठ्याने विचारतात, काय बे मास्तर, लेकरू जेवलं का? आधी लोक हसत. आज कोणी हसले नाही. तेही नाही.

३ मार्च, शनिवार. महाशिवरात्र.

ते जेवले!

नीट लिहितो. आज उपास. शिवाय काल संध्याकाळची भाकरी मी कडूबाईला दिली होती, म्हणजे कालपासून पोटात काही नाही. वैजिनाथअप्पांच्या घरून दुपारी एक उकडलेले रताळे आले, वितीएवढेसुद्धा नाही. दोणीपाशी बसून सोलत होतो. तेवढ्यात कासवाने मान लांब केली. इतकी लांब मी कधी पाहिली नव्हती. रताळ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी घास तोंडाशी नेलेला परत फिरवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला. मग दुसरा. पूर्ण रताळे संपवले, मला काही उरले नाही, पण मी रडत होतो आणि अंगणात नाचत होतो.

मोहनरावांनी खांद्यावर हात ठेवला. बायका ओवाळायला आल्या. कासवाला आणि मग मलाही.

४ मार्च, रविवार.

पाणी साडेसात हात. अर्धा हात चढले. दोरी तीनदा टाकून पाहिली.

८ मार्च, गुरुवार.

पाच दिवस पद्धतशीर प्रयोग केले.

रविवारी मी जेवून भाकरी दिली. खाल्ली नाही. सोमवारी न जेवता दिली. खाल्ली. मंगळवारी अर्जुनरावांना उपाशी ठेवून त्यांच्या हाताने दिली, त्यांनी खूप कुरकुर केली, कासवाने मान आत घेतली. बुधवारी मी न जेवता दिली, पण खिशात दुसरी भाकरी ठेवली होती, नंतर खाण्यासाठी. खाल्ली नाही. आज खिशात काही न ठेवता दिली. शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

म्हणजे ते भाकरी खात नाही. माझ्या पोटात जायची ती भाकरी खाते. हे लिहिताना मला शोध लावल्याचा आनंद होतो आहे.

सगळे तक्त्यात मांडून वैजिनाथअप्पांना दाखवले. त्यांना नवल वाटेल असे वाटले होते. त्यांनी तक्ता वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि उद्या सभा बोलवायला सांगितले.

९ मार्च, शुक्रवार.

सभा झाली. हजर एकोणतीस. मी इतिवृत्त लिहिले.

ठराव क्र. ११. सेवकास मिळणारे धान्य सभासद क्र. १ याचे कामी यावे, सेवकाने ते त्याच्या हातून द्यावे. ठराव क्र. १२. सेवकाची आई मनकर्णा हीस सभासद करून घ्यावे. दोन्ही सर्वानुमते मंजूर.

मी उभा राहून विचारले, की मग मी काय खायचे? मोहनराव म्हणाले, की दिवसाआड एक भाकरी तुला माझ्या घरून येईल, तुला काय आम्ही मरू देऊ? लोक म्हणाले, न्हाई न्हाई, असं कसं. त्यांचे तोंड खरे वाटत होते. मला वाटते खरेच होते.

मायचे नाव वहीत लिहिताना बरे वाटले. तिला आजवर कोणी कशाचे सभासद केलेले नाही.

१५ मार्च, गुरुवार.

कासवाची पाठ: वीस बोटे. माझा दंड: बारा बोटे.

आधी वाटले सुतळी बिघडली. नवी केली. तेच.

पाणी नऊ हात. घरटी तीन घागरी सुटतात. रस्त्याने जाताना लोक वाट देतात, आयाबाया लेकरांना माझ्या पायावर घालतात. कोणी मला जेवायला बोलावत नाही. अर्जुनरावांच्या दारावरून गेलो तर आत ठेच्याचा वास होता. त्यांनी मला पाहिले आणि दार लोटून घेतले. नंतर म्हणाले, राग मानू नगं, तू खाल्लंस तर आमचं पाणी जाईल.

मायचे पत्र आले, टोळीतल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. यंदा ऊसच नाही, कारखाना लवकर बंद होणार. पाडव्याला येते. तिथे नालीचे पाणी पितात, दोन बायका हगवणीने गेल्या.

१८ मार्च, रविवार.

जुनी इतिवृत्ते उन्हाला टाकायची म्हणून कपाट उघडले. वाळवी लागते. १९६६ च्या वहीत मे महिना उघडला.

ठराव क्र. ६. सेवकास मिळणारे धान्य सभासद क्र. १ याचे कामी यावे. मंजूर. ठराव क्र. ७. सेवक त्रिंबक याने विहिरीतील कपारीवर बसून सभासद क्र. १ यास अन्न द्यावे. मंजूर. ठराव क्र. ८. सेवकाची पत्नी कडूबाई हीस सभासद करून घ्यावे. मंजूर.

पुढचे पान: पाणी तीन हात वाढले, सभेने समाधान व्यक्त केले.

पुढचे: सेवकाची जागा रिकामी झाली.

पुढचे, जुलैचे: पाऊस समाधानकारक. ठराव क्र. ८ रद्द. सर्वानुमते मंजूर.

प्रत्येक ठरावाखाली तीच बेचाळीस घरांतली नावे. अक्षर सुंदर आहे. माझ्यापेक्षा चांगले. मे महिन्याच्या मध्यापर्यंत एकाच माणसाचे, नंतर वैजिनाथअप्पांचे.

कडूबाई कुंपणापाशी आली होती. तिला काही सांगितले नाही. तिने हंडा भरून घेतला आणि विचारले, दादा, तुमी आजारी हाय का?

१९ मार्च, सोमवार.

पहाटे पेटी न घेता निघालो. बाभळींपर्यंत गेलो. पाटोद्याची सडक दिसत होती, कोणी अडवत नव्हते. मायचे पत्र खिशात होते. उमापूरच्या आमच्या घराशेजारचा आड दिवाळीलाच आटला आहे. पाडव्याला ती कुठे येणार? तिला पाणी कुठले देणार? बाभळीखाली बसलो आणि मग परत आलो.

मोहनरावांना वही दाखवून सरळ विचारले. ते चिडले नाहीत. म्हणाले, त्रिंबक कपारीवरून वर आला आणि बायकोला टाकून कारखान्याकडे पळाला. नवराच सेवा सोडून गेला तर बायकोचे सभासदत्व कसे ठेवायचे? मग म्हणाले, आसाराम, तुझी अक्कल त्याच्यापेक्षा चांगली आहे. तुझ्या मायचा ठराव तूच लिही. असा लिही की आम्हाला कधी मोडता येऊ नये. आम्ही सह्या करतो.

म्हणजे मलाही कपारीवर उतरायचे आहे, हे असे कळले.

२३ मार्च, शुक्रवार.

कासव पंचवीस बोटे. दोणीत मावत नाही. काल चौघांनी उचलून विहिरीत सोडले. पाण्याखाली गेले आणि वर आले नाही. आज वरून टाकलेली भाकरी घेतली नाही.

दोण कोरडी आहे. कडूबाई येऊन बघून गेली. आता ती पाणी कुठून आणते, मला ठाऊक नाही.

मायचा ठराव लिहायला चार दिवस घालवले. 'कायम' हा शब्द घातला. 'पाऊस झाला तरी' असे घातले. 'सेवक असो वा नसो' असे घातले. 'हा ठराव कोणत्याही सभेस रद्द करता येणार नाही' असे शेवटी. सात वेळा वाचला. एकही फट नाही. संध्याकाळी सभेत मंजूर झाला, बेचाळीसही घरांच्या सह्या झाल्या. त्याच कागदावर वरती एका ओळीत माझे उतरण्याचे लिहिले आहे.

२४ मार्च, शनिवार.

रहाटाच्या दोराला पाळणा बांधून मला खाली सोडले. कपार पाण्यापासून पाच हात वर आहे. दोन माणसे बसतील एवढी. वर गोल आभाळ. खाली थंड आहे, बरे वाटते. टोपलीतून भाकरी आली. कासव वर आले आणि पाण्यातून मान वर काढली. मी भाकरी दिली, त्याने घेतली. वर टाळ्या वाजल्या.

मी ओरडलो, झाले, ओढा. पाळणा रिकामाच वर गेला.

वैजिनाथअप्पा वाकून म्हणाले, की आसाराम, ठरावात उतरण्याचे आहे, वर घेण्याचे नाही. मी कागद काढून पाहिला. प्रत माझ्याजवळ आहे. नाही. उतरावे एवढेच आहे. मीच लिहिले आहे. ते म्हणाले, घाबरू नको, सोमवारी सभा घेतो, वर घेण्याचा ठराव करू. असे मनाने कसे करता येईल?

त्रिंबकच्या ठरावातही नव्हते. तेव्हा मी ते वाचले आणि मला कळले नाही.

२६ मार्च, सोमवार.

सभा तहकूब. पंधरा सभासद लागतात, नऊ आले. बाकीचे रस्त्याच्या कामावर. आठ दिवसांनी पुन्हा.

अप्पा हे वरून वाचून दाखवत होते. मी मोठ्याने ओरडलो. त्यांनी थांबवले. म्हणाले, क्रमांक एकला आवाज चालत नाही. त्याने खाणे सोडले तर मायच्या नावावरची घागर कुठल्या पाण्यात सोडणार? ठराव राहील, पाणी राहणार नाही.

हे ते धमकी म्हणून म्हणाले नाहीत. समजावत होते.

२८ मार्च. बुधवार असावा.

कपारीच्या आतल्या बाजूला हात घातला. चिखलात पितळेचा बिल्ला. सेवक.

भिंतीवर रेघा. दगडाने ओढलेल्या. सतरा.

कडूबाई, वहाणा दारातच होत्या, कारण—

२९ मार्च.

भाकरी आली नाही. अप्पा म्हणाले आता गरज नाही.

तरी कासव जेवले. वर आले, मान लांब केली, माझ्याकडे बघत तोंड हलवत राहिले. बराच वेळ. तोंडात काही नव्हते.

सुतळी बांधली. दंड सकाळी दहा बोटे होता. आता नऊ.

पाणी चढले. कपारीपासून तीन हात.

३१ की १.

पाठ मोजता येत नाही. सुतळी पुरत नाही. जात्याच्या पाळूपेक्षा मोठी. दोन पाळूंपेक्षा— पाणी दीड हात खाली. मी जितका कमी, तितके ते जवळ. पाय वर घेऊन बसतो.

भूक नाही. आता मुळीच नाही. तीही त्याने—

२ एप्रिल, सोमवार. वरून सांगितले म्हणून कळले.

सभा तहकूब. अकरा आले. अर्जुनराव वाकून म्हणाले, मी आलतो रं, माझी सही हाय, बाकीचे आले न्हाईत त्याला मी काय करू. रडत होते. मग घागर सोडली. भरून नेली.

घरटी सहा घागरी.

?

पाणी कपारीला लागले. घोटे भिजतात. कासव समोर आहे. हलत नाही. डोळे अजून स्वच्छ. मला त्याचा राग येत नाही. त्याने काही लिहिले नाही. सही केली नाही.

पेन्सिल एवढीशी.

पाडवा असावा. वर हलगी वाजली.

बायकांचे आवाज. नवीन सभासदाच्या हातची पहिली घागर, असे कोणी म्हणते. मोहनरावांचा आवाज. यावं यावं मनकर्णाबाई.

घागर खाली येते आहे. डाव्या अंगाला पोचा, तोंडाशी निळी चिंधी. ती चिंधी मी बांधली होती.

मायचा आवाज. माझा आसाराम कुटं हाय? ते म्हणतात पाटोद्याला गेला, कासवाच्या औषधाला. ती हसते. म्हणते, लहानपनापून असाच, मुक्या जीवाचं लई—

घागर माझ्या हाताएवढ्या अंतरावर. धरली तर तिला दोर जड लागेल. ती वाकून बघेल.

कासवाने मान लांब केली आहे. घागरीकडे नाही.

घागर भरली. वर चालली. पाणी सांडते आहे माझ्या अंगावर.

ती पिते आहे. किती वेळ पिते आहे. म्हणते, गोड हाय गं बाई पाणी, चार म्हैन्यात असं—

हाक मारायची तर आत्ता. एकच हाक. नंतर पाणी उतरेल, पण ती मला— तोंड उघडले आहे. आवाज— कासवाचे तोंड माझ्याबरोबर उघडते, मी मा म्हणतो तसे ते—